एक नंबरची बाटली

१

अमरनं पहिला घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून बसला. गिळेना की थुंकेना.

टेबलाभोवतीचे बाकीचे ग्लास हवेत अडकले. घनश्याममामांची गोष्टसुद्धा थांबली, आणि ही काही लहानसहान बाब नव्हे. मामांची गोष्ट एकदा उताराला लागली की वणीचा कोळशाचा ट्रक परवडला; त्याला निदान ब्रेक असतो. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर असताना एकदा नुसता चिमूटभर कापूस चोळून आपण मालकाच्या विहिरीला किती हात पाणी आहे ते कसं सांगितलं, इथवर ते आले होते. विहिरीतून मगर निघायची तेवढी बाकी होती.

"काय झालं बे?" धाकट्या भावानं, कपिलनं, विचारलं. "तोंडात गुळणी धरून कायले बसला?"

अमरनं घोट गिळला. ग्लास उजेडाला धरला.

"वाइन नाही हे. अंबाडीच्या लाल बोंडाचं सरबत आहे."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखी बाटलीच नव्हती ती.

राळेगावच्या अलीकडे, दोन्ही अंगांना कापूस आणि तूर, आणि मधेच अमरचा जांभळाच्या वाइनचा कारखाना. पुढे टिनाच्या शेडखाली सहा टेबलांचं हॉटेल. लोक नागपूरहून गाड्या काढून यायचे ते वाइनचं नाव सांगून, आणि जायचे पातोडीचा रस्सा ओरपून. रविवारी दुपारी कोपऱ्यातलं एक टेबल घरच्यांसाठी राखलेलं असे. आज त्या टेबलावर अमरनं एक नंबरची बाटली आणली होती. पहिल्या पिंपातून निघालेली पहिली बाटली. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत भरलेली. तेव्हा मशीन नव्हती, बूच हातानंच दाबून बसवलेलं, वर लाल लाखेचं सील. चिठ्ठीवरचा 'एक' त्याच्या वडिलांनी, डोमाजींनी, अंथरुणावर पडल्या-पडल्या लिहिला होता. पुढच्याच महिन्यात डोमाजी गेले. "बाबांनी चाखायची राहिलीच," हे वाक्य अमर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. सांगताना दुसरीकडे बघायचा.

"सरबत ताजं आहे," अमर म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच लागला होता. "जुनं असतं तर फसफसून बूच उडवलं असतं त्यानं. म्हणजे हे काम याच आठवड्यातलं. चार दिवस मी नागपूरले होतो. तळघराची चावी कोणापाशी होती?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात साजिद उभा होता. बाटली पुसून आणायला वापरलेलं फडकं अजून त्याच्या खांद्यावर होतं.

"माझ्यापाशी," साजिद म्हणाला.

"ठेव मग टेबलावर. आणि उद्यापासून येऊ नको."

२

चावी ताटाशेजारी वाजली तेव्हा अमरची आई, मामांची बहीण बेबीताई सगळ्यांना ठेचा वाढत होती. वाढत होती ती नेहमीसारखी डाव्या हातानं. लहानपणी मायनं त्या हातावर उलथनं मारलं होतं, पण हात काही बदलला नाही. ठेच्याचा चमचा अमरच्या ताटावर जरा जास्तच वेळ राहिला.

"भाऊ," साजिद म्हणाला, "मी पित नाही, चाखतही नाही, ते तुमाले माहीत आहे."

"पित नसशील. विकली असशील. एक नंबरची म्हटल्यावर घेणारे लय."

साजिदनं फडकं खांद्यावरून काढलं, त्याची घडी केली. पांढरकवड्याला त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. ते सोडून तो इथल्या टाक्या आणि पंप सांभाळायला आला, तेव्हा बायको फरहानाच्या माहेरच्यांनी महिनाभर बोलणं टाकलं होतं. "आतापर्यंत 'दारूच्या कारखान्यात काम करते' म्हणत होते," तो हळू बोलला. "आता 'दारूचोर' म्हणतील. हे मी फरहानाले कोणत्या तोंडानं सांगू, तेवढं सांगा. मग जातो."

अमरनं ताट पुढे ओढलं. पण मामांनी हातातला घास खाली ठेवला. आयुष्यभर ते एवढं खोटं बोलले होते की खऱ्या माणसाचा आवाज त्यांना लांबून ओळखू यायचा. चोराला चोर ओळखतो, तसंच काहीसं.

"अमर," ते म्हणाले, "कढी गार होईस्तोवर दम धर. चावी टेबलावरच राहू दे."

"मामाजी, ही तुमची गोष्ट नाही."

"म्हणून तर म्हणतो. माह्या गोष्टीत मगर राहते. इथं नुसतं सरबत आहे, तेवढं मले झेपंल."

कपिलला हसू आलं. अमरनं नुसता हात हलवला, करा काय करायचं ते.

मामांनी लाखेचे तुकडे पुढे ओढले. लाखेच्या खाली एक दोरा फिरवलेला असतो. तो खेचला की सील सोललं जातं. तो दोरा त्यांनी अंगठा आणि बोटात धरला, जसा आयुष्यभर कापूस धरला होता. बोटं एकदा पुढे फिरली, एकदा मागे. आणि थांबली.

"काय मिळालं?" कपिलनं विचारलं.

"काही नाही. दोरा आहे." मामांनी दोरा सदऱ्याच्या खिशात टाकला. मग बूच उचललं, आतलं टोक बघितलं, तेही त्याच खिशात गेलं. ग्लासातलं सरबत त्यांनी जिभेवर घोळवलं.

ग्लासातली एक माशी काढायच्या निमित्तानं त्यांनी मान खाली घातली. चेहरा लपवायला माशी बरी पडते.

३

कपिल कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा. हात धुवायच्या नळापाशी मामांनी त्याला गाठलं.

"माह्यावर डाऊट आहे का?" कपिलच आधी बोलला. "हाव, मागितली होती मी ती बाटली, गेल्या पोळ्याले. आमच्या सायबाले दाखवाची होती. भाऊ नाही म्हणाला, विषय संपला."

"ते नाही विचारत. तीन वर्षांमागची गोष्ट सांग. भाऊजी आजारी होते तेव्हा तू घरीच होता ना?"

कपिलनं नळ बंद केला. "एकवीस दिवस सुट्टी काढली होती. बाबा एकच गोष्ट मागत. 'पोरानं काय बनवलं ते चमचाभर चाखू द्या.' डॉक्टरनं सांगितलं होतं, एक थेंब नाही. भाऊ म्हणे, 'बाबा, बरे व्हा, तीन वर्षांनं तुम्हीच उघडा.'" त्यानं ओले हात पँटला पुसले. "मी आणून देणार होतो मामाजी. जिन्यापर्यंत गेलतो. हिंमत नाही झाली. त्याच्यासाठी अजून झोप मोडते."

मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते आत वळले.

स्वयंपाकघरात अमरची बायको दिपाली पातोड्या कापत होती. सुरी जरा जोरातच चालली होती.

"विचारा," ती म्हणाली. "अंबाडीचं सरबत माह्याच हॉटेलातलं. आणि लग्नाच्या आधी दारूपायी माह्या बापाचं काय झालं ते सगळ्या राळेगावले माहीत आहे. कारखाना निघाला तेव्हा सगळ्यात जास्त मीच रडली. सगळं माह्याकडंच येते ना?"

"तुह्या सरबताचा एक ग्लास दे आधी."

ती ग्लास घेऊन आली. मामांनी घोट घेतला. साखर, जिरं, काळं मीठ.

"बाटलीतल्यात गूळ आहे," ते म्हणाले. "जिरं नाही, मीठ नाही. तू गुळाचं करतच नाही?"

"गिऱ्हाइकाले गुळाचं नाही आवडत." सुरी थांबली. "गुळाचं तं..." आणि तिनं ओठ मिटले.

"राहू दे," मामा म्हणाले. "एक सांग. तीन वर्षांमागची वाइन चवीले कशी होती? तू चाखली होती?"

"मी कायले चाखते. पण हे रोज तोंड वाकडं करून येत. म्हणत, 'आंबटढाण आहे, नुसती अंबाडी.' नंतर मुरली ती. आता गोड लागते म्हणतात लोक."

मामांनी ग्लास खाली ठेवला. डोक्यातले दोन धागे एकमेकांना भेटले होते, आणि भेटायला नको होते.

४

तळघर कसलं, जमिनीत चार हात उतरलेली खोली. आत गारवा. मामांनी टेबलावरची चावी साजिदच्या हातात देऊनच त्याला खाली आणलं होतं. अमर नुसता बघत होता.

"दोन नंबरची बाटली काढ."

ती आडवी ठेवलेली होती, एक नंबरच्या रिकाम्या जागेला लागूनच. दोन्ही एकाच दिवशी भरलेल्या, एकाच पिंपातल्या. साजिदनं सील सोललं, बूच ओढून काढलं. मामांनी ते उजेडात धरलं. वाइनला टेकलेलं टोक वांग्याच्या सालीसारखं काळंजांभळं झालं होतं, आणि रंग पार आतपर्यंत मुरला होता.

खिशातलं एक नंबरचं बूच त्यांनी शेजारी धरलं. आतलं टोक फिकट, जांभळाची पुसट सावली तेवढी, आणि पाण्यानं फुगलेलं.

"या अल्ला," साजिद म्हणाला. मशीनवाला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही.

"तू इथं आला त्याला किती झालं?"

"या बकरी ईदले दोन वर्षं झाले."

"आणि वाइन गेली तीन वर्षांमागं. सुटला तू." मामा पिंपावर टेकले. सुटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असायला हवा तसा आनंद साजिदच्या चेहऱ्यावर नव्हता. तो पहिल्या पिंपाच्या पायथ्याशी बघत होता आणि न बघितल्यासारखं करत होता.

तिथं मातीची पणती होती. तेल अजून ओलं, वात जळून काळी पडलेली.

"इथं रोज कोण कोण येते?" मामांनी विचारलं.

"मी. अमरभाऊ. बस."

"आणि दिवा स्वतःहून पेटते?"

साजिदनं चावी मुठीत फिरवली. मग म्हणाला, "मामू, नोकरी गेली तर दुसरी भेटंल. अम्मीच्या वयाच्या बाईचं नाव घेऊन वाचलो, तं घरी जाऊन काय सांगू? रोज संध्याकाळी मीच कुलूप खोलून देतो. काल जरा जास्त वेळ लागला त्यांना, एवढंच माहीत आहे. जास्त मी विचारलंही नाही, पाह्यलंही नाही."

घरात चावी कोणाकडे आहे हे सगळे मोजतात. दिवा लावायला जाणाऱ्या म्हातारीला कोणी मोजत नाही. ती भिंतीसारखी असते, नाहीतर वाऱ्यासारखी.

मामांनी खिशातला दोरा काढला. पहिल्यांदा हातात धरला तेव्हाच बोटांना कळलं होतं. डोकं तेवढं कबूल होत नव्हतं. बाकीच्या सिलांखाली असतो तसा पोतं शिवायचा गिरणीचा तिपदरी दोरा नव्हताच तो. मऊ, टकळीवर न कातता नुसती मांडीवर वळलेली वात होती ती. आणि तिचा पीळ उलटा होता. उजव्या हातानं वळलेल्या हजार वाती आणा, पीळ एकीकडेच जातो. हा दुसरीकडे गेला होता.

असा पीळ त्यांनी लहानपणापासून एकाच माणसाच्या देवघरात बघितला होता. त्याच देवघरात नवरात्राचं अंबाडीचं सरबत गुळाचं व्हायचं.

"चला मामू," साजिद म्हणाला. "कढी गार झाली असंल."

मामा उठले नाहीत. जिन्याच्या पाच पायऱ्या त्यांना त्या दुपारी कळंबच्या चढासारख्या दिसत होत्या. वर जाऊन 'मीच पेलो' म्हणावं, हे सगळ्यात सोपं. घनश्याम निखाडेनं बाटली रिकामी केली, यावर अख्खा तालुका बिनाप्रश्न विश्वास ठेवेल. साजिद सुटेल, बहीण झाकली जाईल. एक थाप इकडे, एक तिकडे, काय फरक पडतो?

पण मग अमर गिऱ्हाइकांना ते वाक्य सांगतच राहील. दुसरीकडे बघत.

५

कढीवर साय धरली होती. साजिदनं चावी परत टेबलावर ठेवली आणि तो दारापाशी उभा राहिला. मामांनी दोन्ही बुचं ताटाच्या मधोमध ठेवली.

"हे दोन नंबरचं. हे एक नंबरचं. एका दिवशी बसवलेले, एका जागी झोपलेले. तू वाइनवाला आहेस अमर, तूच वाच."

अमरनं बुचं उचलली, फिरवली. कान लाल झाले त्याचे.

"याच्यामागं वाइन राह्यलीच नाही," तो म्हणाला. "फार तं पंधरा-वीस दिवस."

"मंग पाणी. तीन वर्षं पाणीच होतं, वजन सारखं राहावं म्हणून. आज बाटली उघडणार, हे आठ दिवसांपासून घरात सगळ्याले माहीत. म्हणून काल पाणी गेलं, सरबत आलं. बाटली हिरवी, आतलं दिसत नाही. वाइन गेली तेव्हा साजिद पांढरकवड्यात ट्रॅक्टरच्या खाली पडला होता."

अमरनं साजिदकडे बघितलं आणि नजर ताटात आणली.

"सरबतच काहून टाकलं?" कपिलनं विचारलं.

"ज्यानं टाकलं त्याले वाइनची तीच चव माहीत होती. मुरायच्या आधीची, आंबट. आजची गोड वाइन त्या माणसानं कधी चाखलीच नाही. आणि या घरात ती कच्ची वाइन चाखली होती एकट्या अमरनं, असं आपण समजत होतो."

"मंग पेली कोणं?" अमरचा आवाज चढला. "नाव सांगा."

मामांनी टेबलावरून नजर फिरवली. बेबीताई ताटातली भाकर बारीक बारीक मोडत होती. इतकी बारीक की चिमणीला घालावी. अमरची बाटली ती स्वतःसाठी चोरणार नव्हती, दुसऱ्या कोणासाठीही नाही. जगात एकाच माणसासाठी तिनं कधी काही चोरलं असेल.

"तुह्या बापानं पेली," मामा म्हणाले.

कपिल खो खो हसत सुटला. "आली! निघाली विहिरीतून मगर! मेलेला माणूस तळघरात येऊन..."

"खरं सांगून राह्यला तो," बेबीताई म्हणाली.

कपिलचं हसणं तिथंच तुटलं.

तिनं भाकरीचा हात पदराला पुसला. "दिव्याले गेली की बाटली काढत होती. चार चमचे वाटीत घेत, पदराखाली झाकून आणत होती. लाख दिव्यावर पातळ होते. दोरा जळला तं वात लावली. त्याईले रोज चार चमचे देत होती. गेले तेव्हा जी उरली ती जांभळीच्या बुडाशी ओतली, अन बाटलीत पाणी भरलं." एवढं सांगून ती थांबली. पुढचं तिला तीन वर्षं सांगता आलं नव्हतं. "डॉक्टर म्हणे, एक थेंब नाही. मी रोज चार चमचे दिले. मीच मारलं त्याईले, अमर. तुले कसं सांगू?"

तुरीच्या शेतावरून वारा आला, टिन जरासं वाजलं.

दिपाली स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभी होती कोणाला कळलं नाही. ती सासूजवळ आली, खाली बसली.

"आई, डॉक्टरनं आमाले काय सांगितलं होतं ते तुमाले सांगितलंच नाही आमी. घाबरून जासान म्हणून." तिनं अमरकडे बघितलं, त्यानं मान हलवली. "दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले, आठ दिवस. फार तं आठ. बाबा एकोणीस दिवस जगले."

बेबीताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. बोटं हवेतच हलली, जशी ती वात वळत असावी. उलटा पीळ.

"एकोणीस," ती म्हणाली.

"मी मोजले होते आई. रोज मोजत होती."

घरातल्या माणसांनी एकमेकांना जपायला दोन कुलपं लावली होती, आणि दोन्हींच्या आत ती एकटी तीन वर्षं बसली होती. मामांना हे कळलं, पण बोलून दाखवायचं त्यांनी टाळलं. काही गोष्टींवर पुडी सोडायची नसते.

अमर उठला. आईजवळ गेला, पण विचारलं ते लहान पोरासारखं.

"चाखून काय म्हणाले बाबा?"

"चमचा चाटून म्हणाले, 'आंबट आहे बुढे, अंबाडीवानी.'" बेबीताईनं डोळ्याला पदर लावला आणि त्यातच हसली. "मंग म्हणाले, 'पण मुरंल. पोराले म्हणा, घाई नको करू.' तोच निरोप द्याचा राहून गेला तुले."

अमरनं वाकून आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग सरळ झाला, टेबलावरची चावी उचलली आणि दारापाशी गेला.

"साजिद," तो म्हणाला, आणि चावी पुढे धरली.

साजिदनं चावी घेतली. "सगळ्यांच्या समोर काढून घेतली होती भाऊ."

"सगळ्यांच्या समोर माफी मागतो. तुह्या घरी येऊन फरहानावहिनीच्या समोरही मागतो."

"घरी या. पण जेवायला या." साजिदनं चावी खिशात टाकली. "पहिले कोणीतरी कढी गरम करा."

कढी गरम झाली. बाटलीत अर्ध्याहून जास्त सरबत उरलं होतं. बेबीताईनं ते डाव्या हातानं सगळ्यांच्या ग्लासात ओतलं, आणि एक ग्लास जास्तीचा मांडला. या कारखान्यात दोन वर्षं काम करून जिथला एक थेंब ज्यानं कधी तोंडाला लावला नव्हता, त्या साजिदनं एक नंबरच्या बाटलीतला पहिला ग्लास सगळ्यांच्या आधी रिकामा केला.

"आंबट आहे," तो म्हणाला.

"मुरंल," अमर म्हणाला.

ही गोष्ट घनश्याममामा आता राळेगावच्या एसटी स्टँडावर सांगतात. मरणाऱ्या माणसानं चमच्यानं बाटली संपवली आणि एका वातीनं ते उघडं पडलं, इथवर आले की ऐकणारे एकमेकांना कोपर मारतात. मामांनी आयुष्यात मगरीवाचून सांगितलेली ही एकच गोष्ट, आणि नेमकी हिच्यावरच कोणी विश्वास ठेवत नाही.